काकूंकडची झोप

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईला राग परवडत नाही. शिकणारा माणूस डावीकडे वळा म्हटलं की उजवीकडे वळतो, थांबा म्हटलं की नेमका जोर लावतो, आणि वर 'गाडीच ओढते हो' म्हणून गाडीवर खापर फोडतो. अशा वेळी शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर अलगद पाय दाबून, 'हरकत नाही, पुन्हा करू' म्हणायचं, हा तिचा रोजचा धंदा. इतकी वर्षं ती हे इतक्या गोड आवाजात म्हणत आली होती की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिचं नावच ब्रेकबाई पडलं होतं. जरा घाबरट गिऱ्हाईक आलं की मालक म्हणायचा, "याला ब्रेकबाईंकडे द्या. त्या दगडालाही चालवायला शिकवतील."

आणि अशा बाईच्या पोटी जन्माला आली ती भिंगरी. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण त्या नावानं तिला फक्त दवाखान्यात हाक मारत. चार पूर्ण होऊन पाचवं लागलेलं. बसवली तर पाय हलायचे, पाय धरले तर जीभ हलायची. पहिल्या पाळणाघरानं महिनाभरात तिला परत केली. दुसऱ्यातल्या बाईंनी कोपरापासून हात जोडले. भिंगरीनं त्यांच्याकडचा नळ सोडून सगळ्या पोरांच्या चपला बादलीत पोहायला सोडल्या होत्या.

भिंगरीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलं की याचा फोन वाजायचा. स्वभावानं गरीब. भांडण दिसलं की गल्ली बदलणारा, आजचं मरण उद्यावर ढकलणारा. बायकोला त्याचा हा स्वभाव आवडायचा. दिवसभर लोकांच्या चुका सोसून घरी आल्यावर समोर आणखी एक चिडका माणूस कुणाला हवा असतो?

तिसरं पाळणाघर काकूंचं. एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि जाळी लावलेली गॅलरी. काकूंचे केस पांढरे, कपडे कडक इस्त्रीचे, आवाज लोण्यासारखा. मुलांना सांभाळायला पूर्वी एक मदतनीस होती, ती सोडून गेल्यापासून काकू एकट्याच. डझनभर पोरं आणि हात दोन. तरी हल्ली काकूंचं पाळणाघर एका गोष्टीसाठी साऱ्या भागात नावाजायला लागलं होतं. दुपारी तिथं टाचणी पडली तरी ऐकू यायची. आया एकमेकींना कौतुकानं सांगायच्या, "आमचा घरी डोळ्याला डोळा लागू देत नाही, काकूंकडे कसा गपगार झोपतो!" काकू हसून म्हणायच्या, "मायेनं थोपटलं की झोपतात गं."

भिंगरी आली तेव्हा मात्र ही माया कमी पडत होती. काकू रोज संध्याकाळी फाटकाशी तक्रारीची पोतडी उघडायच्या. हिनं झोपलेल्यांना उठवलं, हिनं पडदा ओढून खाली पाडला. ब्रेकबाई मान खाली घालून ऐकायची. मग एके दिवशी तक्रारी थांबल्या. एकदम. आणि भिंगरीही थांबली.

संध्याकाळी आई न्यायला जाई तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली असे. डोळे काचेच्या गोट्यांसारखे. ओठ कोरडे, कोपऱ्यात पांढरे. पाणी दिलं की घटाघट प्यायची, पुन्हा मागायची. घरचा जिना ती कधी एका दमात पळत चढली नाही असं झालं नव्हतं, आता पहिल्या पायरीवरच हात वर करून उभी राहायची. आणि रात्री उलट, नुसती चिडचिड, रडारड.

"दमते खेळून," काकू म्हणाल्या.

"वयाबरोबर शहाणी होतेय," बाप म्हणाला, आणि हातातल्या पान्याला तेल लावत राहिला.

ब्रेकबाईच्या मनात खुटखुटत होतं, पण पोरीची तक्रार येत नाही म्हणून तक्रार करणारी आई जगात कुठे असते?

त्या दिवशी दुपारी तिच्या गाडीत एक निवृत्त मास्तर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास केलेला माणूस स्वतः शिकायला बसला की फार हळवा होतो. मास्तरांनी गाडी विजेच्या खांबाला जराशी घासली, आणि किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "आज पुरे," म्हणून ते तिथंच उतरले आणि चालत घरी गेले. पुढच्या शिकाऊला वेळ होता. काकूंची इमारत पुढच्याच वळणावर होती. ब्रेकबाईनं विचार केला, डोकावून येऊ. झोपलेलं लेकरू नुसतं बघायलाही बरं वाटतं.

इमारतीसमोर रस्ता खोदत होते. यंत्राचा असा दणका चालला होता की खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या. दार नुसतं लोटलेलं. आतल्या खोलीत काकू बारीक आवाजात टीव्ही बघत होत्या, त्यांना चाहूल लागली नाही. बाहेरच्या खोलीत पडदे ओढलेले आणि गाद्यांवर मुलं ओळीनं झोपलेली.

ब्रेकबाई दारातच थबकली. झोपलेली मुलं अशी नसतात. एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर असतो, एखादं उलटं झालेलं असतं, एखादं लबाड एक डोळा किलकिला करून बघत असतं. इथं सगळी उताणी. जशी ठेवली तशी. तोंडं उघडी. बाहेर रस्ता फुटत होता आणि आत एकाही पापणीला कंप नव्हता. खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टिकच्या चिमुकल्या वाट्या ओळीनं मांडलेल्या, तळाला गुलाबी चिकट काहीतरी. खोलीत फळांच्या गोळ्यांसारखा गोड वास होता. ओळखीचा वास, पण कुठला ते तिला त्या क्षणी सुचलं नाही.

तिनं भिंगरीला उचललं, तर तिची मान मागं लटकली. गाल लालबुंद, अंग गरम आणि ठणठणीत कोरडं. छातीवर हात ठेवला तर काळीज धडधड धडधड पळत होतं. झोपलेल्या माणसाचं काळीज असं पळत नाही.

"अगं अगं, उठवू नकोस," काकू दारात आल्या. "आत्ताच तर—"

पण ब्रेकबाई पायरी उतरली होती.

मुलांच्या डॉक्टरीणबाई जवळच होत्या. तळमजल्यावर तपासणी, वर खाटा. धुळीच्या दिवसांत भिंगरीला शिंकांचा त्रास झाला होता तेव्हा याच बाईंनी औषध दिलं होतं. त्यांनी पापण्या उघडून बॅटरी मारली, नाडी धरली, कपाळाला आठी घातली.

"काय दिलंत हिला?"

"काही नाही."

"बाई, खरं सांगा. मी पोलीस नाही. झोपत नाही म्हणून काही पाजलंत का?"

आयुष्यात पहिल्यांदा ब्रेकबाईच्या तोंडून 'हरकत नाही' निघालं नाही. "मी माझ्या पोरीला काही पाजेन?" तिचा आवाज इतका चढला की बाहेर बसलेलं एक बाळ रडायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. वाकून भिंगरीच्या तोंडाचा वास घेतला. "हे माझंच औषध आहे," त्या म्हणाल्या. "ॲलर्जीचं गुलाबी सिरप. एका बाटलीत दोन औषधं असतात त्यात. एक वाहणारं नाक थांबवतं आणि पेंग आणतं. दुसरं चोंदलेलं नाक मोकळं करतं आणि काळजाला पळवतं. प्रमाणात दिलं तर औषध. मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"पाच दिवस. फक्त रात्री. आम्ही तितकंच दिलं."

"मग उरलेली बाटली कुठाय?"

तेवढ्यात भिंगरीचा बाप धापा टाकत आत आला. बायकोनं गाडीतूनच त्याला फोन केला होता. हात ग्रीसनं काळे. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न त्याला विचारला. "उरलेली बाटली कुठाय?"

तो भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत म्हणाला, "घरी... असेल."

त्याच वेळी ब्रेकबाईच्या डोक्यात तो गोड वास जागेवर बसला. वाट्या. गुलाबी चिकट. ओळीनं. तिनं ते सांगितलं तशा डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्याच.

"सगळ्यांना? किती लहान आहेत ती?"

"एक तर दोन वर्षांचीही नाही."

"चाराच्या आतल्या मुलांना हे द्यायचंच नसतं! बाटलीवर लिहिलेलं असतं. एवढ्या लहान जिवाचा श्वास मंदावतो यानं." त्यांनी पाळणाघराला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. "मी गाडी पाठवते, पण रस्ता खोदलाय, वळसा घालून जाईल. तुम्ही पुढं व्हा. सगळ्यांना उठवा, बसवा, जागं ठेवा. हिची काळजी करू नका, हिला मी वर नेते. ही बरी होईल."

ब्रेकबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "हिच्याजवळ थांब. हलू नकोस." तो काहीतरी बोलणार होता. ऐकायला ती थांबली नाही.

काकूंकडच्या वाट्या आता धुवून पालथ्या घातलेल्या होत्या. काकू दाराशीच उभ्या होत्या. "ताप होता का गं बाळाला? सकाळी मला जरा—"

ब्रेकबाईनं त्यांना बाजूला सारलं, पडदे असे ओढले की एकाच्या कड्या तुटून खाली पडल्या. मग एकेका मुलाला काखेत धरून बसवत सुटली. गाल थोपट, तळवे चोळ, नावानं हाक मार. एक कुरकुरलं. दुसऱ्यानं डोळे उघडून पुन्हा मिटले. तिसरं भोकाड पसरून रडलं, आणि ते रडणं ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्याला आणखी जोरात हलवलं.

सगळ्यात शेवटी राहिली ती बटण. बेकरीत पाव भाजणाऱ्या बाईची ही मुलगी अंगानं एवढीशी, म्हणून बटण. ती उठेना. श्वास होता, पण मध्येच थांबायचा, आणि घशातून घर्र असा आवाज येऊन पुन्हा सुरू व्हायचा. ब्रेकबाईनं तिला खांद्यावर उभी धरली आणि दाराकडे निघाली.

काकू आडव्या आल्या. "दुसऱ्याची पोर मी तुला कशी नेऊ देईन? माझ्यावर जबाबदारी आहे."

"जबाबदारी?" ब्रेकबाई किंचाळली. "हा शब्द तुमच्या तोंडात आहे अजून?"

"ओरडू नकोस. मुलं घाबरतील."

"घाबरू दे! घाबरायला जागी तरी राहू दे!"

"हे बघ," काकूंच्या आवाजातलं लोणी आता वितळलं होतं, "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. औषध तुमच्याच घरून आलंय."

ब्रेकबाईचे बटणच्या पाठीवरून फिरणारे हात थांबले.

"मी तुझ्या पोरीला ठेवणारच नव्हते. तुला सांगायचं जिवावर आलं, म्हणून तुझ्या नवऱ्याला सांगितलं, सोमवारपासून दुसरीकडे बघा. सोमवारी तो बाटली घेऊन हजर. म्हणाला, डॉक्टरांचंच आहे, सर्दीचं, हे दिलं की गाढ झोपते. दिलं. झोपली. त्या दुपारी किती वर्षांनी मी पाठ टेकली माहितेय तुला? माझे गुडघे बघितलेस? संपली तेव्हा मी तसलीच दुसरी आणली. मग वाटलं, एकीलाच का?" काकूंनी नाक पुसलं. "तुमच्याच बाटलीनं मला शिकवलं, आणि आता तू मला शिकवायला आलीस."

संतापाचं असं असतं की तो एका माणसावर असेल तर सोपा. तळपायाची आग मस्तकात जाते, माणूस ओरडतो, मोकळा होतो. ब्रेकबाईची आग निम्म्या वाटेवर पोचली आणि तिथंच तिला कळेना की पुढं कुणाकडे जायचं. समोर ही बाई उभी होती, हिचे केस उपटावेसे वाटत होते. आणि तिकडं दवाखान्यात एक माणूस तिच्या पोरीचा हात धरून बसला होता, तिनंच त्याला 'हलू नकोस' सांगून बसवला होता.

दवाखान्याची गाडी आली. नर्सनं बटणला उचलून घेतलं, तोंडाला मास्क लावला. ब्रेकबाई बाकीच्या मुलांना भिंतीला टेकवून बसवत राहिली आणि एकदाही काकूंकडे वळून बोलली नाही. बोलली असती तर शब्दांवर थांबली नसती.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, भिंगरीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बसला होता. तिला येताना पाहून उठला. "डोळे उघडले तिनं. पाणी मागितलं," तो म्हणाला.

"बाटली तू दिलीस?"

तो परत बसला. काही माणसं खोटं बोलायलाही घाबरतात, त्यातला तो. "डॉक्टरांचंच औषध होतं. विष नव्हतं."

"रोज? दुपारी? महिना झाला असेल."

"काकू तिला काढणार होत्या. तिसऱ्यांदा. मग तू काय केलं असतंस? नोकरी सोडली असतीस. किती आवडते तुला ती नोकरी. मी तुझ्यासाठीच—"

"माझं नाव घेऊ नकोस." ती दबक्या आवाजात बोलत होती, आणि ओरडण्यापेक्षा ते त्याला जास्त लागत होतं. "माझ्यासाठी केलंस, तर मला विचारलं का नाहीस?"

तो हातावरचं ग्रीस खरवडायला लागला. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

त्यानं काळे हात मांड्यांखाली दडवले.

"ती जिना चढत नव्हती," ब्रेकबाई म्हणाली. "तुझ्या डोळ्यांदेखत. आणि माझ्या तोंडावर तू म्हणालास, शहाणी होतेय. मी चार वर्षं तिच्यामागं धावले. दमले, रडले, कधी पाठीत धपाटाही घातला. पण ती कमी व्हावी असं मला कधी वाटलं नाही. तुला वाटलं."

"मला तसं नव्हतं वाटलं..."

"तुला भांडण नको होतं. बस्स. तुला कुणाशीच भांडण नको असतं, म्हणून तू ते चार वर्षांच्या पोरीच्या घशात ओतलंस."

आत जाऊन ती भिंगरीच्या उशाशी बसली. संध्याकाळी भिंगरी पुरती जागी झाली आणि हाताला चिकटवलेली पट्टी ओढून काढायच्या मागं लागली. नर्सनं दोनदा लावली, तिनं दोनदा काढली. तिसऱ्यांदा नर्स वैतागली, तेव्हा ब्रेकबाई एवढंच म्हणाली, "ओढू दे. मी धरते."

बटणला पलीकडच्या खोलीत ठेवलं होतं. तिची आई बेकरीतून तशीच धावत आली होती, केसांवर, भुवयांवर पीठ. उद्यापर्यंत लक्ष ठेवावं लागेल, पण धोका टळलाय, असं डॉक्टरीणबाई तिला समजावत होत्या. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. बटणच्या छातीवर नजर रोवून ती एकेक श्वास बघत होती.

ब्रेकबाई दारातून माघारी फिरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "चल. तिला सांग."

"आत्ता? आधीच तिची काय अवस्था..."

"आत्ता. उद्या तिला दुसऱ्या कुणाकडून कळेल. तुझ्या तोंडून कळू दे."

तो गेला. दारात उभा राहून, अडखळत, त्यानं सांगितलं. बाटली आमची होती. मीच नेऊन दिली. तुमच्या मुलीला देतील हे मला माहीत नव्हतं, पण बाटली मी दिली. पाव भाजणारी बाई हे ऐकताना त्याच्याकडे बघतही नव्हती. तो गप्प झाल्यावर ती ब्रेकबाईला म्हणाली, "ताई, तुम्ही बसा. यांना जाऊ दे इथनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दाराला कुलूप होतं, आणि फाटकापाशी कामावर निघालेले आईबाप कडेवर मुलं घेऊन ताटकळत होते. जी मुलं काल जागी करून घरी पोचवली होती त्यांच्या घरी अर्धंमुर्धं कळलेलंच होतं. ब्रेकबाईनं मुद्दाम तिथं जाऊन उरलेलं सांगितलं, आपल्या घरच्या बाटलीसकट. तिला वाटलं होतं, आता इथं आग लागेल.

आग लागली, पण भलतीकडेच. एक टाय लावलेला गृहस्थ घड्याळ बघत म्हणाला, "इतक्या वर्षांत काकूंकडे कुणाला काही झालं होतं का? तुमचं आलं आणि झालं."

"तुमचा मुलगा काल माझ्या हातात लोळागोळा झाला होता," ती म्हणाली.

"सगळीच मुलं दुपारी झोपतात हो."

जुळ्या मुलींची आई चष्मा पुसत उभी होती. "तुम्हाला कधी शंका आली नाही?" ब्रेकबाईनं तिला विचारलं.

"आली," ती बाई म्हणाली, आणि मग चिडूनच म्हणाली, "आली होती! विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर यांना घेऊन जाऊ कुठं? तुमच्या घरी आणू? बोला ना. तुम्ही तक्रार करणार, पाळणाघर बंद होणार, तुम्ही मोठ्या शूर होणार. आम्ही काय करायचं?"

ब्रेकबाईला तिच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की बाई खोटं बोलत नाहीये. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पोरी तिचा पदर ओढत होत्या आणि तिची कामाची वेळ उलटून चालली होती. याचाही राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. ज्या कुणी आयांना फाटकापाशी असं एकमेकींच्या अंगावर सोडून दिलं होतं, त्या सगळ्यांचा.

टायवाले गृहस्थ जाता जाता म्हणाले, "काकूंचा निरोप आहे. तक्रार करायची तर खुशाल करा म्हणाल्या. मग बाटली कुणी आणली तेही त्या सांगतील."

काकूंनी माणूस बरोबर ओळखला होता. फक्त नवऱ्यातला, बायकोतला नाही. तो घरी आल्यावर म्हणालाच, "आता भिंगरी बरी आहे. पाळणाघर बंद झालंय. झाकली मूठ राहू दे ना. माझं नाव येईल, कामावर कळेल."

"येईल."

"तुला काहीच वाटत नाही?"

"खूप वाटतं. म्हणूनच तुला बरोबर नेतेय."

बालकल्याणाच्या कार्यालयात एक थकलेला अधिकारी होता, त्याच्या टेबलावरचा पंखा नुसती मान हलवायचा, वारा द्यायचा नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ब्रेकबाईला समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, यात तुमच्या मिस्टरांवरही येणार. चौकशी होईल. संसार आहे, विचार करून बोला."

"मी करून आलेय. आता त्यांना बोलू द्या."

नवऱ्यानं खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यभर अडकलेल्या लोकांना बाहेर काढत आला होता, पण इथून त्याला बाहेर काढायला कुणी येणार नव्हतं. मग त्यानं सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. पोरगी जिना चढेनाशी झाली तेव्हा आपल्याला कळलं होतं, हेसुद्धा सांगितलं. ते बायकोनं त्याला सांगायला लावलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

"नाही," ती म्हणाली, आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली.

काकूंच्या दाराला सील लागलं. चौकशी सुरू झाली ती अजून रेंगाळतेच आहे. भिंगरीच्या बापाला दोनदा बोलावलं, कडक समज दिली, कामावर कुजबुज झाली. काकू भावाकडे निघून गेल्या. जाताना भेटेल त्याला सांगत गेल्या की आपण मुलांना जीव लावला आणि आपल्या वाट्याला हे आलं. त्यांना ते खरंच वाटत असावं. टायवाले गृहस्थ ब्रेकबाई दिसली की रस्ता ओलांडतात. बटण बरी झाली. तिच्या आईनं कधीकधी पाव पाठवले, पण ते ब्रेकबाईच्या हाती. भिंगरीच्या बापाकडे तिनं पुन्हा मान वर करून पाहिलं नाही.

दुपारचा प्रश्न ब्रेकबाईनं नवऱ्यावर टाकला. त्यानं साहेबांना विनवून रात्रीची पाळी घेतली, दिवसा झोपेचं खोबरं करून भिंगरीला सांभाळायला लागला. आठवडाभरानं दारात जुळ्या मुलींची आई उभी. चष्म्याआडून ब्रेकबाईकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी वेडंवाकडं बोलले. पण प्रश्न खरा होता." ब्रेकबाईलाही गोड बोलायचं नव्हतं. "होता," ती म्हणाली, आणि दोन्ही पोरींना आत घेतलं. बदल्यात सुट्टीच्या दिवशी भिंगरी त्यांच्याकडे जायची.

एका संध्याकाळी ब्रेकबाई घरी आली तेव्हा घरात युद्ध होऊन गेलं होतं. उशा जमिनीवर, खुर्च्या आडव्या, जुळ्या कपाटात लपलेल्या, आणि भिंगरी एका पायात मोजा घालून पलंगावरून उड्या मारत होती. नवरा भिंतीला टेकून बसला होता. डोळे तारवटलेले, शर्टावर कुणीतरी खडूनं मासा काढलेला.

"ही एक पोर नाही," तो म्हणाला, "पलटण आहे." आणि ती हसेल म्हणून थांबला.

ती हसली नाही. जुळ्यांना कपाटातून बाहेर काढून त्यांचे केस नीट केले, एक खुर्ची सरळ केली.

"अजून रागावलीयेस?"

"हो."

त्यानं शर्टावरचा मासा हातानं पुसून पाहिला. "किती दिवस?"

"घाई आहे का तुला?" ती म्हणाली, आणि भिंगरीचा दुसरा मोजा शोधायला पलंगाखाली वाकली.